रविवारी अडकणारा कॉम्प्युटर

लिफ्टमास्तरांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं एकही माणूस उरलं नव्हतं. बायको ‘अहो’ म्हणायची, मुलगी ‘बाबा’, आणि बाकी सगळं जग ‘मास्तर’. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. उभा जन्म गेला तो लिफ्ट दुरुस्त करण्यात. पण नव्या पोरांना कामाला लावताना ते असे काही दम भरायचे की कुणीतरी गमतीने मास्तर म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

त्यांचा एक नियम होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की बाकीचे कारागीर आधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे पळायचे. मास्तर आधी दारापाशी जायचे. फटीला तोंड लावून आतल्या माणसाला सांगायचे, “मी आलोय. ब्रेक धरलाय, म्हणून थांबलीय. पडणार मुळीच नाही. मी वर जाऊन हाताने चाक फिरवतो, म्हणजे तुम्ही हळूहळू खाली याल. तोवर दाराला टेकू नका.” जे असेल ते जसंच्या तसं सांगायचं. ‘काही झालेलं नाही हो’ असं कुणी म्हटलं की ते भडकायचे. “माणूस आत अंधारात उभा आहे, जीव टांगणीला लागलाय त्याचा, आणि तुम्ही म्हणताय काही झालं नाही? अडकलेल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही. त्याला दुसरा आधार काय असतो, आपल्या आवाजाशिवाय?”

त्यांचं लग्नही अशाच एका अडकलेल्या लिफ्टमध्ये जमलं. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर कपडे शिवण्याचा कारखाना होता. तिथली एक शिवणारी मुलगी कापडाचा गठ्ठा घेऊन वर जात असताना लिफ्ट मध्येच थांबली. मास्तर दारापाशी गेले, बोलले, वर गेले, परत खाली आले, पुन्हा बोलले. लिफ्ट सुटेपर्यंत त्यांना त्या मुलीचं घर, भावंडं, आवडनिवड सगळं कळलं होतं, आणि तिला कळलं होतं की बाहेरचा माणूस आवाजाने बरा आहे. बाहेर आल्यावर दिसायलाही बरा निघाला, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. त्यावर शेवटी एक टोमणा ठरलेला असायचा. “पण मला नाही पटत बाई. एवढ्याशा कामाला एवढा वेळ? यांनी मुद्दाम ताटकळत ठेवलं मला.” मास्तर कानावर हात ठेवायचे. ब्रेक घट्ट बसला होता, असं म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

या दोघांची एकुलती एक मुलगी म्हणजे ठकू. शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं, पण घरात ठकूच. लहानपणी ती बापाचं पाना-पकडांचं खोकं उपसून बसायची आणि मोठी झाल्यावर कॉम्प्युटर उपसायला लागली. शिकली, नोकरी लागली, आणि विमानानेच गाठता येईल इतक्या लांबच्या शहरात गेली. कुणावर गेलीय ही एवढी हुशार, असं मास्तर म्हणायचे. “माझ्यावर, दुसऱ्या कोणावर?” असं तिची आई म्हणायची.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा ठकूने घरी एक कॉम्प्युटर आणून मांडला. खिडकीजवळच्या टेबलावर त्याला जागा मिळाली. आईने लगेच त्याच्या मापाची फुलाफुलांची झालर लावलेली खोळ शिवली. मास्तर म्हणाले, “अगं, यंत्र आहे ते, नवरी नाही.” पण खोळ राहिली. ठकू दोघांना सगळं शिकवून परत गेली, आणि मग फोन सुरू झाले. फोन कसले, हजेरीच ती. “बाबा, बरे आहात ना? आईने गोळ्या घेतल्या? हो हो, जेवले. ठेवते आता, मीटिंग आहे.” फोन ठेवल्यावर तिची आई विचारायची, “काय म्हणाली?” आणि मास्तरांना सांगण्यासारखं काही सापडायचं नाही. एवढी बोलकी पोरगी, पण फोनवर जणू घाईघाईत जिना उतरत बोलायची.

मग एका रविवारी कॉम्प्युटर खरोखरच अडकला. मास्तर ठकूच्या पदवी समारंभाचा व्हिडिओ बघत होते. तो त्यांनीच काढला होता. अख्खा समारंभ होता त्यात, आणि बहुतेक वेळ पुढे बसलेल्या एका गृहस्थाचं टक्कल होतं; ठकू दिसायची ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत. तेवढं बघण्यासाठी ते बाकीचं सगळं बघायचे. त्या दिवशी टकलापाशीच चित्र थांबलं. बाणाच्या जागी गोल गोल फिरणारी चकती आली आणि खिडकी पांढरी पडली. ‘प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही,’ असं लिहून आलं. मास्तरांनी दिसेल ते बटण दाबलं, मग ठकूला फोन लावला.

“बाबा, स्क्रीनवर काय दिसतंय?”

“दिसतंय सगळं. हलत काही नाही.”

ठकूने त्यांना तीन बटणं एकदम दाबायला लावली, अडकलेला प्रोग्रॅम तिथून बंद करायला लावला, मग एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला. त्यात काही आकडे आले. ते मास्तरांनी फोनवर वाचून दाखवले. “आता माऊसला हात लावू नका,” ती म्हणाली. आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला.

“अगंबाई!” तिची आई ओल्या हातानेच धावत आली. “कोण आहे आत?”

“मीच आहे गं आई.” बाणाने पडद्यावर दोन गिरक्या घेतल्या.

आईने काचेवर बोट ठेवलं. बाण सटकला. तिने पुन्हा बोट नेलं, बाण पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात; ठकू आईच्या हसण्याच्या अंदाजाने तो पळवत होती. पन्नाशी केव्हाच उलटून गेलेली बाई पोरीच्या मागे घरभर धावावं तशी त्या काचेवर बोट पळवत होती आणि हसून हसून तिला खोकला येत होता. “काच खराब होतेय,” मास्तर म्हणाले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.

डिस्क भरली होती. जागा दाखवणारी निळी पट्टी लालभडक झाली होती. मास्तरांच्या फोनमधला प्रत्येक फोटो, प्रत्येक व्हिडिओ गुपचूप कॉम्प्युटरमध्ये येऊन बसत होता. यंत्राला श्वास घ्यायला जागा उरली नाही की ते असं अडकतं, असं ठकूने सांगितलं. तिने बरंच काही पुसलं, तरी पट्टी लालच.

“टाकलंस ना सगळं?” मास्तर म्हणाले.

“टाकलं, पण ते कचऱ्याच्या टोपलीत पडलंय. टोपली रिकामी केल्याशिवाय घरातून गेलं असं होत नाही, बाबा.”

“हे मी त्यांना इतकी वर्षं सांगतेय,” आई म्हणाली.

मग टोपली रिकामी व्हायला लागली. हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. ठकूने आणखी एक प्रोग्रॅम चालवला, तो कुठल्या गोष्टीने किती जागा खाल्लीय ते रंगीत चौकोनांत दाखवत होता. आई म्हणाली, गोधडी झाली ही तर. तोही संथच. आणि तिघांनाही काही करण्यासारखं नव्हतं, नुसतं थांबायचं होतं. थांबलेली माणसं बोलतात. ठकूने तिच्या साहेबाची नक्कल केली. तिच्या खोलीतला नळ गळतो हे सांगितलं. मग बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. तिथे तिची एक मैत्रीण होती, ती आता बोलत नव्हती. आईने तिला समजावलं, मास्तरांनी त्या मैत्रिणीचा यथेच्छ उद्धार केला, ठकू रडता रडता हसली. पट्टी शेवटाला पोचली तेव्हा दुपार कलली होती. कॉम्प्युटर सुटला, बाण थांबला, फोन संपला. घर एकदम गप्प झालं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा हजेरीचे फोन. बरे आहात ना, गोळ्या घेतल्या ना, ठेवते.

मास्तर काही खुळे नव्हते. लिफ्ट नीट चालू असते तेव्हा लिफ्टवाल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अडकली की सगळी इमारत त्याच्याभोवती गोळा होते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. शनिवारी संध्याकाळी ते टेबलाशी बसले. टकलाचा तो व्हिडिओ चांगला जाडजूड होता. त्यांनी त्याची प्रत काढली. मग प्रतीची प्रत काढली. ‘तेलपाणी’ नावाचं एक फोल्डर केलं आणि सगळ्या प्रती त्यात कोंबल्या. लिफ्टच्या देखभालीला ते तेलपाणी म्हणायचे, तिथे ठकू कशाला बघतेय? पट्टी लाल होईपर्यंत त्यांचं तेलपाणी चाललं. रविवारी सकाळी त्यांनी दिसेल तो प्रोग्रॅम एकदम उघडला, आणि चकती फिरायला लागल्यावर साळसूद चेहऱ्याने ठकूला निरोप पाठवला: कॉम्प्युटर अडकलाय.

अर्थात ठकूला ते फोल्डर सापडलं. गोधडीत तो चौकोन सगळ्यात मोठा होता.

“बाबा, हा एकच व्हिडिओ इतक्या वेळा कसा आला?”

“बोट लागलं असेल.”

“इतक्या वेळा?”

“माझी बोटं जाडी आहेत गं.”

मागे उभी असलेली आई तोंडावर पदर धरून हसत होती. ती पहिल्या दिवसापासून या कटात सामील होती. शनिवार उजाडला की तीच विचारायची, “आज तेलपाणी आहे ना?” एखाद्या शनिवारी मास्तर कंटाळा करायला लागले तर हात धरून त्यांना टेबलाशी नेऊन बसवायची. रविवारी ती स्वयंपाक लवकर उरकायची, केस विंचरायची आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायची. बाण आला की आधी पकडापकडी. तिला तो कधीच सापडायचा नाही. काचेच्या उजव्या कोपऱ्यात तिच्या बोटांचे तेलकट ठसे पडले होते, ते मास्तर दर शनिवारी पुसायचे आणि दर रविवारी नवे उमटायचे.

असं वर्षानुवर्षं चाललं. ठकू दर वेळी म्हणायची, “जागा जाते तरी कुठे? घरात भूत आहे का?” आणि मास्तर म्हणायचे, “असेल बाई. जुनी इमारत आहे.” एकदा ती म्हणाली, “त्यापेक्षा मी एक मोठी डिस्कच पाठवते. मग आयुष्यभर भरणार नाही.” मास्तर घाईघाईने म्हणाले, “नको नको, जुनी चांगली आहे. उगीच खर्च कशाला?” ठकू म्हणाली, “बरं, पाहू.” पुढचे कितीतरी दिवस दारावरची घंटा वाजली की मास्तरांना वाटायचं, आलं ते पार्सल. पण ते आलं नाही आणि ठकूने विषयही पुन्हा काढला नाही. कामाच्या रगाड्यात विसरली असणार, असं म्हणून मास्तरांनी सुस्कारा सोडला.

मग तिच्या आईला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग नुसतं बसल्या जागी. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. हृदय थकलंय, सोमवारी भरती करू आणि सगळं नीट बघू, तोवर गोळ्या आणि विश्रांती, असं त्यांनी सांगितलं. ते बुधवारी. गुरुवारी सकाळी ती उठली तीच मुळी एक हट्ट घेऊन.

“अहो, मला ठकू हवीय.”

“फोन लावतो की.”

“तसा नको. तसा तिला वेळ नसतो. कॉम्प्युटर अडकवा.”

“आज गुरुवार आहे गं.”

“असू दे. तो काय वार बघून अडकतो?”

मास्तरांना हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते विरलं. ओठांचा रंग बरा दिसत नव्हता. ते म्हणाले, “तिला सांगतो ना, आईला बरं नाहीये म्हणून.”

“काही सांगू नका.” तिने त्यांचं मनगट धरलं. “घाबरून जाईल पोर. या आठवड्यात तिचं ते मोठं काम आहे, किती महिने राबतेय त्यासाठी. सगळं टाकून धावत सुटेल. सोमवारी डॉक्टर काय म्हणतात ते बघू, मग सांगू. आज नुसतं अडकलाय म्हणा. मला तिच्याशी थोडं बोलायचंय, बस.”

इथे मास्तरांनी ऐकायला नको होतं. मी त्यांची बाजू घेणार नाही. अडकलेल्या माणसाशी खोटं बोलू नये, हे ज्याने जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, त्याला इतकं कळायला हवं होतं की त्या दिवशी अडकलेली त्याची बायको होती, आणि जिला बोलवायचं तिला खरं काय ते सांगायला हवं होतं. पण बायकोने मनगट धरून सांगितल्यावर किती जणांचं डोकं चालतं?

त्यांनी फुलाफुलांची खोळ काढली. कॉम्प्युटर चालू केला. तिला खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. यंत्र अगदी झकास चाललं होतं, पट्टी निळी होती, तेलपाणी करायला वेळ नव्हता. म्हटलं, तिला कुठे तिथून दिसतंय? त्यांनी निरोप पाठवला: ‘कॉम्प्युटर अडकलाय. फोन कर.’

बराच वेळ काही आलं नाही. मग फोन टिणटिणला. ‘बाबा, बंद करून परत चालू करा.’

त्यांनी लिहिलं, ‘केलं. तरी अडकलाय.’

‘मग राहू दे तसाच. आज खूप गडबड आहे. रविवारी बघते.’

मास्तरांनी ते वाचून दाखवलं नाही. पण तिने त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखलं. “राहू दे,” ती म्हणाली. “रविवार काय लांब आहे? परवा तर आहे जवळजवळ.” तरी ती लगेच उठली नाही. पडद्यावर बाण मधोमध पडून होता. तिने त्याच्यावर बोट टेकवलं. “बघा, आज सापडला,” ती म्हणाली. “आज आत कुणी नाही ना, म्हणून.”

मग एकदम तिने विचारलं, “अहो, खरं सांगा आता. त्या दिवशी लिफ्ट लवकर सुटली असती ना?”

“कुठल्या दिवशी?”

“सोंग घेऊ नका.”

मास्तर लाजले. या वयातही लाजले. “रविवारी सांगतो,” ते म्हणाले. “ठकूसमोर सांगतो. म्हणजे साक्षीदार राहील.”

“रविवारी नक्की?”

“नक्की.”

तिला त्यांनी पलंगावर निजवलं. जरा डोळा लागू दे म्हणाली. ते चहा ठेवायला गेले. चहा गाळून कप घेऊन आले, तिला हाक मारली. आणखी एकदा मारली. कप हातात तसाच धरून ते कितीतरी वेळ उभे होते. चहा सांडत होता ते त्यांना कळलं नाही.

शेजारी आले, डॉक्टर आले. डॉक्टरांनी मान हलवली. कुणीतरी म्हणालं, मुलीला कळवा. मास्तरांनी फोन लावला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला गेला, आणि लगेच निरोप आला: ‘बाबा, मीटिंगमध्ये आहे. कॉम्प्युटर रविवारी. नक्की.’

शेजारीण म्हणाली, मी करू का फोन? मास्तर नको म्हणाले. ते कॉम्प्युटरच्या खुर्चीवर जाऊन बसले. उशी अजून तिथेच होती. त्यांच्या जाड्या बोटांनी एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: ‘ठकू, कॉम्प्युटर चालू आहे. आई गेली.’

या खेपेला फोन लगेच आला.

ठकू आली. येईपर्यंत जे व्हायचं ते सगळं थांबवून ठेवलं होतं. ते सगळं झालं. माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. मग एका सकाळी ठकू टेबलाशी बसली, आईचा भिंतीवर लावण्याजोगा एखादा फोटो शोधायला. कॉम्प्युटर सुरू होताना मास्तर मागे येऊन उभे राहिले.

“ठकू, तुला एक सांगायचंय. हा कधी आपला आपण अडकतच नव्हता. पहिल्यांदा अडकला तेवढाच. मीच अडकवायचो.”

“माहीत आहे, बाबा.” तिने मागे वळून पाहिलं नाही. “प्रत्येक फाइलवर तारीख असते. सगळ्या शनिवारच्या.”

मास्तर शेजारी खुर्ची ओढून बसले.

“मी दर वेळी सगळं पुसायचेच नाही. थोडं तसंच ठेवायचे. म्हणजे तुम्हाला भरायला फार त्रास पडू नये.” ती हुंदका आवरत होती. “आणि मोठी डिस्क मी घेतली होती. पाठवलीच नाही. माझ्या कपाटात आहे अजून, खोक्यातून बाहेरही काढलेली नाही.”

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे आवाज येत होते. कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

“म्हणून तर मला वाटलं, बाबा...” ती थांबली. पुन्हा सुरू केलं. “गुरुवारी मला वाटलं की हे नेहमीचंच आहे. मला माहीत होतं ना, की खरं काही अडकलेलं नाही. मला माहीत नसतं तर मी फोन केला असता.” मग ती वळली, आणि तिच्या डोळ्यांत राग होता. “तुम्ही खरं का नाही सांगितलंत? परक्या माणसांना दाराच्या फटीतून सगळं खरं सांगायचात. मला का नाही?”

आईच म्हणाली सांगू नका, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. ज्या बाईला आता उत्तर देता येत नाही तिच्यावर काय ढकलायचं?

“चुकलं माझं,” ते म्हणाले.

“माझंही,” ठकू म्हणाली. पण त्याने कुणाचंच ओझं कमी झालं नाही.

मग मास्तर म्हणाले, “तुझ्या आईला मी एक सांगणार होतो. रविवारी, तुझ्यासमोर. राहून गेलं. ती लिफ्टमध्ये अडकली होती ना, तेव्हा मी वर जाऊन ब्रेक सोडला तर तो लगेच सुटला. चाकही फिरलं. मी पुन्हा ब्रेक लावला, आणि खाली येऊन तिला म्हटलं, घट्ट बसलाय, वेळ लागेल. अडकलेल्या माणसाशी मी तेव्हा पहिल्यांदा खोटं बोललो.”

ठकू त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतला राग गेला, आणि राग गेल्यावर जे उरलं ते बघवत नव्हतं.

“बाबा, आईला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“तिने मला केव्हाच सांगितलंय. लिफ्ट जराशी खाली आली आणि पुन्हा थांबली, ते तिला आत कळलं होतं. मग तुम्ही येऊन म्हणालात ब्रेक घट्ट आहे. ती म्हणाली, मीही गप्प बसले. म्हटलं, बोलू दे त्याला आणखी थोडं.”

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांत ठकूने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अंत्यसंस्काराच्या वेळीही नव्हतं पाहिलं. आज ते लहान मुलासारखे रडले. त्या गुरुवारी बायको इतका साधा एक होकार मागत होती. तिला माहीत असलेलीच गोष्ट तिला त्यांच्या तोंडून ऐकायची होती, आणि त्यांनी तिला रविवारचा वायदा केला होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी ठकूने विचारलं, “हे तेलपाणी पुसू का?” मास्तर म्हणाले, “पूस.” तिने पुसलं, टोपलीही रिकामी केली. पट्टी निळी झाली, जवळजवळ सगळी मोकळी. एकच मूळ व्हिडिओ ठेवला. तिने कापड घेऊन काच पुसायला हात उचलला तेव्हा मात्र मास्तर म्हणाले, “राहू दे.” उजव्या कोपऱ्यातल्या ठशांकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने कापड खाली ठेवलं.

ती परत गेल्यावर पहिल्या रविवारी फोन आला. मास्तर खोळ काढून, कॉम्प्युटर चालू करून बसले होते. का बसले होते ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“बाबा, जेवलात?”

“हो.”

“काही अडकलंय का?”

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. “नाही,” ते म्हणाले. “सगळं चालू आहे. पण मला घर खायला उठतंय, ठकू. मला करमत नाही.”

ठकू म्हणाली, “आकडे सांगा.”

त्यांनी आकडे वाचले. माऊसवरचा हात काढून घेतला. बाण हलला, पण कुठे जावं ते न कळल्यासारखा मध्येच थांबला. मास्तरांनी वाकून उजव्या कोपऱ्यात, बायकोच्या ठशांच्या शेजारी, काचेवर आपलं जाडं बोट ठेवलं. फोनवर ते काही बोलले नाहीत. ठकूला तिकडे बोट दिसत नव्हतं, दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी बाण निघाला. एरवी बोट जवळ आलं की पळणारा बाण पडद्याच्या त्या टोकापासून हळूहळू चालत उजव्या कोपऱ्यात आला, बोटाखाली येऊन थांबला, आणि ठकूने तो तिथून हलवला नाही.